२,१४,६०० किलोमीटर धावलेली डिझेल डिझायर: खरेदी, तपासणी आणि टायमिंग चेनच्या नोंदी

५ नोव्हेंबर २०२३, संकेश्वर

ठिबक सिंचनाच्या जोडणीची आणि दुरुस्तीची माझी कामे हुक्केरी, चिकोडी, गडहिंग्लज आणि चंदगड या तालुक्यांत विखुरलेली असल्यामुळे रोज सरासरी ११० किलोमीटर फिरणे होते. गेल्या पावसाळ्यात मोटारसायकलवरून नळ्यांची बंडले नेताना दोनदा घसरलो, तेव्हाच चारचाकी घ्यायचे ठरवले. नवी गाडी आवाक्याबाहेर आहे. जुनी घ्यायची आणि एवढे फिरायचे म्हटले की डिझेलचाच हिशेब बसतो.

गाडीसाठी ३,००,००० रुपये आणि घेतल्यानंतरच्या दुरुस्तीसाठी वेगळे ६०,००० रुपये अशी मांडणी केली आहे. दुरुस्तीच्या रकमेला सौदा करताना हात लावायचा नाही, हे घरी सर्वांना सांगून ठेवले आहे, कारण जुन्या डिझेल गाडीची खरी किंमत पहिल्या तीन महिन्यांत कळते.

इंजिन १२४८ सीसीचे, मूळ फियाटच्या रचनेचे कॉमन रेल डिझेल घ्यायचे ठरवले आहे. स्विफ्ट, डिझायर, अर्टिगा, टाटा व्हिस्टा आणि फियाट पुंटो या सर्वांत हेच इंजिन असल्यामुळे त्याचे सुटे भाग बेळगावात आणि कोल्हापुरात सहज मिळतात आणि ते खोललेला मेस्त्री प्रत्येक तालुक्याच्या गावी सापडतो. मारुतीने एप्रिल २०२० पासून डिझेल गाड्या बंद केल्या, त्यामुळे आता यातल्या सर्व गाड्या किमान साडेतीन वर्षे जुन्या आहेत.

पासिंग केए २२ किंवा केए २३ चेच, म्हणजे कर्नाटकातल्या बेळगाव किंवा चिकोडी आरटीओचेच, पाहणार आहे. एमएच ०९ च्या गाड्या निपाणीच्या पलीकडे भरपूर दिसतात आणि कधी कधी स्वस्तही मिळतात, परंतु त्यांना कोल्हापूरहून एनओसी आणावी लागते, कर्नाटकाचा कर भरून नवा नंबर घ्यावा लागतो आणि महाराष्ट्रात भरलेल्या कराचा परतावा मागण्यासाठी पुन्हा अर्ज करावा लागतो. दिल्लीत दहा वर्षांवरील डिझेल गाड्यांना बंदी असल्यामुळे तिकडून आलेल्या गाड्यांच्याही जाहिराती इकडे दिसतात. त्यांचा पूर्वेतिहास मला इथे बसून तपासता येणार नाही, म्हणून त्या सोडल्या.

११ नोव्हेंबर

पहिली गाडी गोकाकजवळ पाहिली. मीटरवर ९२,००० किलोमीटर होते आणि सांगणाऱ्यानेही तोच आकडा पुनःपुन्हा सांगितला. क्लचच्या पेडलचे रबर मात्र एका कडेने झिजून आतला पत्रा दिसत होता, स्टिअरिंगचे वरचे आवरण गुळगुळीत झाले होते आणि चालकाच्या सीटची दाराकडची कड बसून गेली होती. अशी झीज एवढ्या कमी किलोमीटरमध्ये होत नाही. बॉनेट उघडल्यावर पुढच्या पट्टीवर ऑइल बदलल्याचे एक अर्धवट फाटलेले स्टिकर सापडले. नखाने त्यावरची धूळ खरवडली तेव्हा पुढील सर्व्हिसचा आकडा १,४८,००० असा स्पष्ट वाचता आला. मी ते स्टिकर मालकाला दाखवले नाही, नमस्कार करून निघालो. गाडी घ्यायला जाणाऱ्याने ही जुनी स्टिकरे बॉनेटखाली, दाराच्या खांबावर आणि काचेच्या कोपऱ्यात आधी शोधावीत.

१९ नोव्हेंबर

दुसरी गाडी बेळगावात, शहापूरमध्ये. मी सकाळी आठला येतो म्हणून कळवले होते, तरी पोहोचलो तेव्हा बॉनेट हाताला गरम लागत होते. मालक म्हणाले, ‘आत्ताच दूध आणून आलो.’ गरम डिझेल इंजिन जवळपास कोणतेही असले तरी चांगलेच सुरू होते, त्यामुळे त्या तपासणीला अर्थ नव्हता. दुसऱ्या दिवशी साडेसहाला येतो म्हटल्यावर रात्री गाडी विकली गेल्याचा फोन आला. अर्धा दिवस आणि जाण्यायेण्याचा खर्च वाया गेला. इंजिन थंड ठेवण्याची अट पहिल्याच फोनवर स्पष्ट सांगायला हवी होती.

२६ नोव्हेंबर, चिकोडी

२०१४ ची डिझायर, केए २३ पासिंग, पहिले मालक, मीटरवर २,१४,६०० किलोमीटर. नऊ वर्षांत एवढे अंतर म्हणजे वर्षाला जवळपास २४,०००. मालक विमा क्षेत्रातून निवृत्त झालेले असून कोल्हापूर आणि बेळगाव असे हमरस्त्यावरचे त्यांचे फिरणे होते. आकडा ऐकून माझ्यासोबत आलेला भाचा नाराज झाला, पण मला तो आकडा विश्वसनीय वाटला, कारण सर्व झीज त्याच्याशी जुळत होती आणि जुळण्यासाठी एक वही होती. शंभरपानी, निळ्या पुठ्ठ्याची ही वही डॅशबोर्डच्या खणात ठेवलेली होती. तिच्यात प्रत्येक वेळचे डिझेल, ऑइल, फिल्टर, टायर आणि बॅटरी यांच्या नोंदी तारीख आणि किलोमीटरसह कन्नडमध्ये केलेल्या होत्या. मला कन्नड वाचता येत असल्यामुळे अर्धा तास ती वही चाळली.

ऑइल बदलण्याच्या नोंदी साधारण १०,००० किलोमीटरच्या अंतराने नीट मांडलेल्या होत्या. फक्त मे २०२० मधील १,५८,२०० आणि ऑक्टोबर २०२१ मधील १,८१,४०० यांच्या मध्ये एकही नोंद नव्हती. विचारल्यावर मालक म्हणाले, ‘कोरोनात गॅरेजे बंद होती हो, पुतण्याने बाहेर कुठेतरी केले असेल.’ मला ते पटले आणि मी पुढचे पान उलटले. या पूर्ण व्यवहारातली सर्वांत मोठी चूक मी तिथे केली.

सकाळचे पावणेसात, थंडी चांगली पडलेली. इंजिनवर हात ठेवून ते गार असल्याची खात्री केली आणि मग चावी फिरवली. गाडी लगेच सुरू झाली. पहिले तीन-चार सेकंद पट्ट्याच्या बाजूने खळखळ असा सैल आवाज आला आणि नंतर बंद झाला. सोबतचे मेस्त्री म्हणाले, ‘टॅपेट आहेत, जुन्या गाडीत वाजतातच.’ या इंजिनात टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्ह हलवणारे भाग, हायड्रॉलिक असतात आणि खालच्या क्रँकची फिरत वरच्या कॅमपर्यंत नेऊन व्हॉल्व्हची वेळ राखणाऱ्या टायमिंग चेनला ताणून धरणारा टेन्शनरही ऑइलच्या दाबावर चालतो, म्हणजे असा आवाज चेनचाही असू शकतो, एवढे मी वाचलेले होते, तरी त्या क्षणी मी मेस्त्रींवर विसंबलो.

उरलेली तपासणी समाधानकारक होती. सुरू इंजिनावर ऑइलचे झाकण सैल करून ठेवले, तेव्हा ते उडले नाही आणि बॅक कॉम्प्रेशनचा, म्हणजे पिस्टनच्या कडेने खाली उतरणाऱ्या वायूचा, धूर फार नव्हता. सायलेन्सरमधून रेझ केल्यावर थोडा काळा धूर आला, निळा अजिबात नाही. निपाणीहून संकेश्वरकडे येताना लागणारा तवंदी घाट चौथ्या गिअरवर चढवला. क्लच सुटला नाही आणि तापमानाचा काटाही हलला नाही. स्टेपनीच्या टायरवर गाडीच्याच वर्षाचा आकडा होता, काचांवरचे आकडेही एकमेकांशी जुळणारे होते. मागणी ३,४०,००० होती, सौदा २,९५,००० ला ठरला.

२ डिसेंबर

१०,००० रुपये विसार दिला. आरसी पाहताना लक्षात आले की २०१८ मध्ये कर्ज फिटले असूनही बँकेचा बोजा आरसीवर तसाच आहे. बँकेने तेव्हा दिलेल्या एनओसीची मुदत संपलेली होती, म्हणून मालकांना नवी एनओसी आणि फॉर्म ३५ वर शिक्का आणावा लागणार आहे. बोजा उतरल्याशिवाय उरलेली रक्कम देणार नाही असे नम्रपणे सांगितले आणि त्यांनीही ते मान्य केले.

१६ डिसेंबर

कागदपत्रांत चौदा दिवस गेले. बँकेत दोन फेऱ्या झाल्या. एका दिवशी बेळगावला जाताना सुवर्णसौध या तिथल्या विधानभवनाजवळ अधिवेशनाच्या बंदोबस्तात दोन तास अडकलो. शेवटी मालकी हस्तांतराच्या फॉर्म २९ आणि ३० वर दोघांच्या सह्या झाल्या, विमा माझ्या नावावर झाला आणि पूर्ण रक्कम दिली. हस्तांतर, बोजा आणि विमा मिळून खर्च ९,२०० रुपये झाला. मालकांनी वही मागितल्याशिवायच हातात ठेवली.

१७ डिसेंबर

गाडी घरी येताच ऑइल, ऑइल फिल्टर, डिझेल फिल्टर, एअर फिल्टर आणि कूलंट असे सर्व बदलले. खर्च ५,४०० रुपये.

या इंजिनाचा ऑइल फिल्टर कागदी घडीचा असतो, त्यामुळे तो उघडून पाहता येतो आणि पाहावाच. वर्तमानपत्रावर ठेवून ब्लेडने कापला, घड्या एकेक करून उलगडल्या आणि उन्हात धरल्या. कागदाच्या खाचांत बारीक चमकणारी पूड होती. चुंबक फिरवल्यावर त्यातली बरीचशी चिकटली. न चिकटलेल्या कणांत, कापलेल्या नखाएवढे, तपकिरी रंगाचे तीन तुकडे होते. ते दाताखाली धरून पाहिले तेव्हा प्लास्टिक असल्याची खात्री झाली. इंजिनात आत प्लास्टिक असते ते चेनच्या मार्गदर्शक पट्ट्यांचे.

रात्री वही पुन्हा काढली. ज्या काळात गॅरेजे बंद होती असे मला सांगण्यात आले, त्याच काळात ही गाडी २३,२०० किलोमीटर धावली होती. डिझेल भरल्याच्या नोंदी त्या पानांवर आहेत आणि काही आठवड्यांत त्या दोन-दोन आहेत. गाडी उभी असती तर ऑइल न बदलणे समजण्यासारखे होते. ती रोज रस्त्यावर होती आणि जुन्या, घट्ट झालेल्या ऑइलवरच होती. हे सर्व त्या वहीतच लिहिलेले होते. मी ऑइलच्या नोंदी ऑइलच्या नोंदींशी ताडल्या, त्या डिझेलच्या नोंदींशी ताडल्या असत्या तर चिकोडीतच कळले असते आणि सौद्यात २०,००० रुपये कमी मागता आले असते.

२४ डिसेंबर

इंजिनाचा तळ खराब आहे की नुसती चेन, हे ठरवण्यासाठी कॉम्प्रेशन, म्हणजे प्रत्येक सिलिंडरमध्ये हवा किती दाबली जाते ते, मोजायचे होते. त्याचा गेज थंड इंजिन सुरू होताना सिलिंडर तापवणाऱ्या हीटर प्लगच्या भोकात बसवावा लागतो. मी आणि मेस्त्रींनी थंड इंजिनावरच प्लग सोडवायला घेतले. पहिले दोन निघाले. तिसऱ्याला पाना लावताच आधी करकर झाली आणि मग हात एकदम हलका पडला. प्लगचे डोके पान्यात आले आणि आट्यांचा भाग हेडमध्येच राहिला.

वर्षानुवर्षे न काढलेले हीटर प्लग काजळीने जाम होतात. इंजिन चांगले गरम करायचे, आदल्या रात्री गंज सोडवणारे तेल सोडून ठेवायचे आणि पाना थोडा पुढे, थोडा मागे असा फिरवायचा, ही पद्धत मेस्त्रींनाही ठाऊक होती. घाई माझी होती.

२८ डिसेंबर

बेळगावच्या उद्यमबागेतील एका लेथवाल्यांकडे असे अडकलेले प्लग काढण्याचा साचा आहे. हेड उतरवावे लागले नाही. त्यांनी मधोमध भोक पाडून आट्या साफ केल्या आणि लोखंडाचा कीस आत जाऊ नये म्हणून ग्रीस लावलेल्या ड्रिलने एकेक मिलिमीटर पुढे गेले. मजुरी ३,५०० रुपये, चार नवे हीटर प्लग २,६००. वेळ चार दिवस.

नंतर घेतलेले कॉम्प्रेशन २६, २६, २५ आणि २५ भरले. आकड्यांपेक्षा ते एकमेकांच्या जवळ असणे महत्त्वाचे मानतो. पिस्टन, रिंगा आणि व्हॉल्व्ह ठीक आहेत. म्हणजे इंजिन वाचवण्याजोगे आहे आणि प्रश्न चेनचा आहे, हे पक्के झाले.

३ जानेवारी २०२४

गडहिंग्लजहून परतताना इंजिनचा दिवा लागला. मोबाईलला जोडायचा ७०० रुपयांचा स्कॅनर लावला, तेव्हा पी ००१६ हा कोड आला. क्रँक आणि कॅम यांच्या स्थानांचा मेळ बसत नाही, असा त्याचा अर्थ आहे. चेन ताणून लांब झाली की कॅम मागे पडतो आणि हाच कोड येतो. हा स्कॅनर माझ्याकडे चिकोडीला जाण्यापूर्वीच असायला हवा होता. कोड पुसल्यानंतर गाडी किती किलोमीटर चालली, हेही अनेक गाड्यांत त्यावर दिसते, त्यामुळे विक्रेत्याने आदल्या दिवशी दिवा पुसला असेल तर लपत नाही.

चेन तुटली किंवा एक दात सरकली तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात आणि काही सेकंदांत हेडचे काम निघते. म्हणून आजपासून गाडी उभी केली आणि चार दिवसांची कामे पुन्हा मोटारसायकलवर नेली.

८ ते ११ जानेवारी

चेनचे काम दोन दिवसांचे धरले होते, त्याला चार लागले.

पहिला दिवस क्रँक पुलीच्या बोल्टमध्ये गेला. मेस्त्रींनी नेहमीप्रमाणे डावीकडे जोर लावला, पान्याला पाच फुटी पाइप घातला, भाचाही लटकला, तरी बोल्ट हलेना. पाइप वाकला. संध्याकाळी पुलीवरची माती ब्रशने साफ करताना बोल्टच्या डोक्यावर बाण कोरलेला दिसला. या इंजिनाच्या क्रँक पुलीच्या बोल्टला उलट्या आट्या असतात, तो उजवीकडे फिरवून सुटतो. आम्ही दिवसभर तो अधिकच घट्ट करत होतो. दुसऱ्या दिवशी उजवीकडे जोर दिल्यावर तो एका झटक्यात सुटला. बोल्टची आटी खेचली गेली असण्याची शक्यता असल्यामुळे नवा बोल्ट घातला. ज्यांना हे काम करायचे आहे त्यांनी ही एक गोष्ट आपल्या मेस्त्रींना आधीच सांगावी.

दुसऱ्या दिवशी इंजिन खालून जॅकवर धरून त्या बाजूचे फाउंडेशन (इंजिन गाडीला धरून ठेवणारा भाग), पुढचे कव्हर आणि ऑइलचा चेंबर उतरवला. चेंबरमध्ये बसलेला ऑइल ओढणाऱ्या पाइपचा जाळीदार तोंडाचा भाग पाहिल्यावर आम्ही दोघे काही वेळ बोललो नाही. जाळीचा निम्म्याहून अधिक भाग डांबरासारख्या काळ्या थराने आणि त्याच तपकिरी प्लास्टिकच्या तुकड्यांनी बंद झालेला होता. टेन्शनरला ऑइलचा दाब उशिरा पोहोचत होता, म्हणून सकाळी पहिली काही सेकंदे खळखळ होती. इंजिनात हवा दाबून भरणाऱ्या टर्बोलाही ऑइल इथूनच जाते. नुसती चेन बदलून ही जाळी तशीच ठेवली असती तर आणखी काही महिन्यांत टर्बो गेला असता, याबद्दल मला शंका नाही. जाळी डिझेलमध्ये रात्रभर भिजवून, मऊ ब्रशने साफ करून, हवा मारून पुन्हा बसवली.

जुनी आणि नवी चेन भिंतीवरच्या एकाच खिळ्याला शेजारी शेजारी टांगली. वरची कड सारखी धरली तेव्हा जुनी चेन खाली सुमारे चार मिलिमीटर लांब लोंबत होती. हातात आडवी धरली की नवी जवळपास सरळ राहत होती, जुनी मात्र कमानीसारखी वाकत होती. मार्गदर्शक पट्टीच्या वरच्या टोकाला खोल चर पडला होता आणि कडेचा तुकडा निघालेला होता. तो चर आणि फिल्टरमधले तुकडे एकमेकांत बसतील असे होते.

क्रँक आणि कॅम जागेवर अडकवण्यासाठी लॉकिंग पिना लागतात. खुणा करून किंवा डोळ्यांच्या अंदाजाने हे काम करतो असे सांगणारे दोन जण भेटले होते. त्यांना नकार दिला आणि पिना कोल्हापूरहून ५०० रुपये भाड्याने आणल्या. त्यात तिसरा दिवस गेला. चौथ्या दिवशी चेन, दोन्ही पट्ट्या, टेन्शनर आणि दातेरी चकत्या असा पूर्ण संच बसवला, पिना काढून हाताने दोन पूर्ण फेरे फिरवले, पुन्हा पिना घालून पाहिल्या आणि त्या सहज बसल्यावरच कव्हर लावले.

खर्च असा झाला: संच ८,२००, सील, गॅसकिटचा मसाला आणि नवा बोल्ट १,४००, ऑइल व फिल्टर २,६००, मजुरी ७,००० आणि पिनांचे भाडे ५००, एकूण १९,७०० रुपये. वाकलेला पाइप मी भरून देऊ केला, मेस्त्रींनी ते पैसे घेतले नाहीत.

१२ जानेवारी

सकाळी साडेसहाला, रात्रभर उभ्या असलेल्या गाडीची चावी फिरवली. पहिल्या सेकंदापासून आवाज एकसारखा होता. कोड पुसून संकेश्वर ते बेळगाव आणि परत असा प्रवास केला, दिवा आला नाही.

२८ जानेवारी

१,००० किलोमीटर होताच ऑइल आणि फिल्टर पुन्हा बदलले, खर्च २,६००. चेंबर साफ केला असला तरी हेडच्या वरच्या भागातली घाण नव्या ऑइलने सुटून खाली येते, त्यासाठी हा जास्तीचा खर्च आवश्यक मानतो. फिल्टर पुन्हा उलगडून पाहिला. थोडी काळी पूड होती, प्लास्टिक आणि चमक नव्हती. टाकी भरून ते पुन्हा भरेपर्यंत मोजलेले ॲव्हरेज लिटरला २१ च्या थोडे वर आहे, आणि त्यात चंदगडकडचे चढ-उतार धरलेले आहेत.

११ फेब्रुवारी

उरलेला काळा धूर कुठून येतो हे पाहण्यासाठी सिलिंडरमध्ये डिझेल फवारणाऱ्या नोझलच्या, उरलेले डिझेल परत नेणाऱ्या नळ्या काढून चार सारख्या बाटल्यांत सोडल्या आणि इंजिन पाच मिनिटे चालू ठेवले. पहिली, दुसरी आणि चौथी बाटली जवळपास सारखी भरली, तिसरी त्यांच्या दुप्पट. म्हणजे तिसरे नोझल आतून गळते आहे. एका ठिकाणी चारही नोझल बदलण्याचा सल्ला मिळाला होता. बाटल्या समोर असल्यामुळे तो स्वीकारण्याचे कारण उरले नाही. तिसरे तेवढे उतरवून बेळगावच्या डिझेल पंपवाल्यांकडे दिले, दुरुस्ती ४,५०० रुपये सांगितली आहे.

आतापर्यंत दुरुस्तीवर ३८,३०० रुपये झाले, त्यात या नोझलचे ४,५०० धरलेले आहेत. गाडी आणि कागदपत्रे धरून एकूण ३,४२,५०० रुपये. बाजूला ठेवलेल्या ६०,००० पैकी २१,७०० शिल्लक आहेत. पुढचे लोअर आर्मचे बुश आणि दोन टायर पावसाळ्याआधी बदलावे लागतील, ते त्यातून करीन. चेनच्या वेळी टाकलेल्या ऑइलपासूनच्या नोंदी मी त्याच निळ्या वहीत, डिझेल आणि ऑइल समोरासमोरच्या रकान्यांत मांडून ठेवल्या आहेत. नोझल बुधवारी मिळणार आहे.